रविवार कोणी मिळवून दिला?

आठवड्याचे सहा दिवस चिकपेटात पाय ठेवायला जागा नसते. डोक्यावर साड्यांचे गठ्ठे घेतलेले हमाल, मालाने भरलेल्या हातगाड्या, लग्नाचा बस्ता बांधायला गावोगावहून आलेली माणसे आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहून गिऱ्हाइकाला हाक मारणारी पोरे. रविवारी मात्र बरीच शटरे खाली असतात. पलीकडे बी.व्ही.के. अय्यंगार रोडच्या बाजूला पहाटेपासून जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथे आठवडाभर गठ्ठे उचलणारा हमाल आपल्या मुलाचा हात धरून जुनी सायकल बघत फिरताना दिसतो. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर ओझे नसते.

त्या हमालाला कोणी विचारले, "बाबा, हा रविवार तुला कोणी दिला?" तर तो म्हणेल, "कोणी कशाला द्यायला हवा? रविवार म्हणजे सुट्टीच." आपल्या युनियनच्या सभासदांपैकी कितीजणांना हे उत्तर ठाऊक आहे? आम्ही आमच्या शाखेत विचारून पाहिले. फार थोडे हात वर झाले. म्हणून या वेळच्या संपादकीयात तीच गोष्ट सांगायची आहे. ही गोष्ट नुसती जुनी आठवण नाही. संघटना कशासाठी चालवायची आणि कशी चालवायची, हा प्रश्न आज आपल्या सर्वांपुढे आहे. त्याचे उत्तर शोधताना ही गोष्ट उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. आपण रेल्वेवाल्यांनी हे लक्षात ठेवावे की गिरणीत स्टोअरकीपर होण्याआधी त्यांनी रेल्वेत आणि टपाल खात्यातही नोकरी केली होती. महात्मा जोतीराव फुल्यांचे ते सहकारी. १८८० साली त्यांनी मुंबईत 'दीनबंधु' पत्राची जबाबदारी घेतली. त्या वेळच्या गिरण्यांत दिवस उजाडला की काम सुरू होई आणि अंधार पडला की संपे. आठवड्याची सुट्टी ठरलेली नव्हती. पगार कधी मिळेल याचा नेम नव्हता. १८८१ सालचा पहिला फॅक्टरी कायदा मुख्यतः लहान मुलांपुरता होता. मोठ्या माणसाचे तास किती, त्याला सुट्टी कधी, याबद्दल त्यात काही नव्हते.

१८८४ साली सरकारचे फॅक्टरी कमिशन बसले. लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढे ठेवला. त्या अर्जातल्या मागण्या बघा. आठवड्यातून रविवारी एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. सगळे मिळून एका कागदावर मावेल एवढेच. पण सही किंवा अंगठा करणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यातली प्रत्येक ओळ समजत होती, कारण ती त्याच्याच अंगावरून गेलेली होती.

अर्ज दिला आणि सुट्टी मिळाली, असे झाले नाही. सहा वर्षे गेली. पुन्हा सभा झाल्या, पुन्हा अर्ज गेले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. त्या काळात बाईने एवढ्या लोकांपुढे उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार करावा. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. चिकपेटातला हमाल आपल्या मुलाला घेऊन फिरतो त्या रविवारामागे ही सारी वाट आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'बद्दल त्या काळच्या सरकारी अहवालात एक तक्रारवजा शेरा आहे. या संस्थेला सभासदांची यादी नाही, फंड नाही, नियम नाहीत. लोखंडे हे नुसते येईल त्या कामगाराला सल्ला देणारे गृहस्थ आहेत, अशा अर्थाचा तो शेरा आहे. अहवाल लिहिणाऱ्याने ते कमीपणा दाखवायला लिहिले. आणि ते पूर्ण खोटेही नव्हते.

आज आपल्याकडे यादी आहे. फंड आहे. छापील घटना आहे, रबरी शिक्के आहेत, ऑफिस आहे, ऑफिसात खुर्च्या आहेत, भिंतीवर हार घातलेले फोटो आहेत. लोखंड्यांकडे यातले जवळजवळ काही नव्हते. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. आपल्याला काय पाहिजे हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांच्या मागच्या हजारो माणसांनाही ठाऊक होते. आपण मनावर हात ठेवून सांगावे की ती एक गोष्ट आपल्याकडे आहे का?

हे मी दुसऱ्या कोणाला सुनावतो आहे असे समजू नका. आधी माझेच सांगतो.

रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान २००७ साली झाले, नंतर २०१३ साली, आणि त्यानंतर थेट २०२४ च्या डिसेंबरात. अकरा वर्षांनी मतदान आले तेव्हा आम्ही सगळे पदाधिकारी दिवसरात्र फिरलो. पत्रके वाटली, द्वारसभा घेतल्या, मोबाईलवर निरोप पाठवले. मतदान संपल्यावर एका गँगच्या मुक्कामी आम्ही चहाला बसलो होतो. सोलापूरकडचा एक तरुण ट्रॅकमन, नोकरी लागून चार-पाच वर्षे झालेला, मला म्हणाला, "काका, इलेक्शन झालं. आता युनियन नक्की कशासाठी आहे ते एका वाक्यात सांगा. पोरं विचारतात, मला सांगता येत नाही."

मी सांगायला सुरुवात केली. क्वार्टरची दुरुस्ती, बदल्या, पास, प्रमोशनची यादी, ओव्हरटाईम, मेडिकल बिले, पाळणाघर, नवी पेन्शन, जुनी पेन्शन. बोटे संपली तरी मी बोलत होतो. पोराने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, ही तर कामं झाली. मी 'कशासाठी' विचारलं."

त्या रात्री घरी आल्यावर मी शाखेचे जावक रजिस्टर काढून वाचत बसलो. वर्षभरात प्रशासनाला पाठवलेली पत्रे. बहुतेक सगळी बदलीची, क्वार्टरची आणि पासची. आणि खरे सांगायचे तर बहुतेक आमच्या ओळखीच्या, आमच्या ऑफिसात रोज येऊन बसणाऱ्या माणसांची. रुळावर हातोडी घेऊन काम करणाऱ्या माणसाच्या जिवाबद्दल लिहिलेली पत्रे बोटांवर मोजण्याइतकी. ती लिहून मी विसरलोही होतो. उत्तर आले नाही म्हणून स्मरणपत्रसुद्धा गेले नव्हते. हे काम मी चुकवले, दुसऱ्या कोणी नाही.

साथींनो, सभासदाची अडचण सोडवणे हे युनियनचे काम आहेच. ते केले नाही तर दारात कोणी उभे राहणार नाही. पण काम आणि हेतू यांत फरक आहे. काम संपते, हेतू राहतो. बदलीचे काम झाले की तो सभासद घरी जातो. हेतू पटलेला माणूस दुसऱ्याला घेऊन परत येतो. आणि हेतू नसला की कामेसुद्धा हळूहळू ओळखीच्यांचीच होऊ लागतात. मग पुढारी पुढारी राहत नाही, दलाल होतो. हे एका दिवसात होत नाही. आमच्या बेंगळुरात एक वाक्य बसपासून कचेरीपर्यंत सगळीकडे ऐकू येते, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." थोडे सांभाळून घ्या. माणसामाणसांत हे फार चांगले आहे. पण संघटनेच्या हेतूबाबत रोज थोडे थोडे सांभाळून घेतले तर एके दिवशी बघावे तो हेतू जागेवर नसतो. शोधायला गेले तर कोणी नेला तेही कळत नाही.

हेतू म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा कळले ते १९७४ साली. तेव्हा मला त्यातले काही कळण्याचे वय नव्हते, आईने पुढे सांगितले म्हणून कळले. वडील एका मोठ्या जंक्शनवर पॉइंट्समन होते. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगारांची रेल्वे. पकडापकड आधीच सुरू झाली होती. संपाचे निमंत्रक जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे रोजीच अटक झाली होती. हे जॉर्ज मंगळूरचे, पोरवयात पाद्री होण्यासाठी आमच्या बेंगळुरातल्या सेमिनरीत आले होते. तिथून बाहेर पडून मुंबईला गेले आणि कामगारांचे झाले. २०१९ साली ते गेले.

वडील काही दिवस घरी आलेच नाहीत. क्वार्टर खाली करण्याची नोटीस आली. आईने निरोप पाठवून विचारले, हे सगळे कशासाठी? वडिलांनी उलट निरोप धाडला, "बोनससाठी आणि आठ तासांसाठी." एवढेच. वडील चौथी शिकलेले. त्यांनी मागणीपत्र वाचलेले नव्हते. पण संपाचे कारण त्यांना दोन शब्दांत सांगता येत होते आणि आईला ते दोन शब्दांत समजत होते. क्वार्टर गेले. आम्ही मामाच्या घरी राहिलो. आई म्हणायची, "तुझ्या बापाचा राग आला, पण तो खोटं बोलला असं वाटलं नाही."

त्या संपाआधी रेल्वेत कितीतरी युनियन होत्या. प्रत्येकीचा झेंडा वेगळा, पुढारी वेगळा. १९७४ च्या फेब्रुवारीत त्यांची एक समन्वय समिती झाली. झेंड्यांवरून भांडण मिटले होते असे नाही. पण मागण्या इतक्या उघड होत्या की झेंडा बाजूला ठेवणे भाग पडले. माझा अनुभव असा की एकजूट भाषणाने होत नाही. हेतू स्वच्छ असला की ती होते आणि तो गढूळ झाला की तुटते.

संप वीस दिवस चालला आणि मागे घ्यावा लागला. हजारो माणसे तुरुंगात गेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्या दिवशी सगळे म्हणाले, रेल्वे कामगार हरला. पण १९७७ साली सरकार बदलले, काढलेल्या माणसांना परत घेण्यात आले. आमचे वडीलही परत कामावर गेले. १९७९ साली रेल्वे कामगारांना उत्पादकतेशी जोडलेला बोनस लागू झाला. आज दसऱ्याच्या आधी जो बोनस आपल्या खात्यात जमा होतो तो तिथून आला. संप हरला तरी मागणी लोकांच्या तोंडी राहिली होती, म्हणून ती पाच वर्षांनी जिंकली. ज्या मागणीचा अर्थ फक्त पुढाऱ्याला ठाऊक असतो ती पुढाऱ्याबरोबर तुरुंगात जाते आणि तिथेच राहते.

पण एवढे सांगून थांबलो तर अर्धेच खरे सांगितल्यासारखे होईल. हेतू स्वच्छ असला की सगळे होते, असेही नाही. आमच्या बेंगळुरातच १९८० च्या डिसेंबरअखेर एच.ए.एल., बी.ई.एल., आय.टी.आय., एच.एम.टी., बी.ई.एम.एल. या सरकारी कारखान्यांतले कामगार संपावर गेले. भेलच्या बरोबरीने पगार, ही त्यांची मुख्य मागणी. ७७ दिवस संप चालला. मागणी साधी होती, एकजूट मोठी होती. तरी मुख्य मागणी पदरात न पडता कामावर परत जावे लागले. त्याच्या पुढच्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. त्यांच्या धैर्याला तोड नाही. गावाकडे जाऊन दुसऱ्याच्या शेतात राबले, पण फुटले नाहीत. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. कित्येक माणसे त्या संपातून कधी बाहेर आलीच नाहीत.

मालक आणि सरकार यांनी त्या वेळी काय केले ते सर्वांना माहीत आहे, त्यांचा दोष झाकण्याचा प्रश्नच नाही. पण आपण आपल्या बाजूचा धडाही घेतला पाहिजे. कुठे जायचे हे पुढाऱ्याने सांगितले पाहिजे. त्याबरोबर वाटेत कुठे थांबता येईल, कमीत कमी काय मिळाले तर आजचा मुक्काम करायचा आणि उद्या पुढे निघायचे, हेही त्याने आधीच लोकांना सांगितले पाहिजे. लोखंड्यांनी १८८४ साली पाच गोष्टी मागितल्या आणि १८९० साली त्यांतली मोठी एक मिळवली. बाकीच्या सोडल्या नाहीत. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ साली आला, लोखंडे गेल्यानंतर २६ वर्षांनी. मागणी बरोबर होती, तिला वेळ लागला एवढेच.

दुसरा धडा लोखंड्यांच्याच गोष्टीत आहे आणि तो कडू आहे. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबईतल्या प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता ते गेले. वय अवघे ४८-४९. त्यांच्यामागे त्यांची संस्था टिकली नाही. यादी नव्हती, फंड नव्हता, नियम नव्हते, आणि मुख्य म्हणजे काम पुढे चालवणारी दुसरी फळी नव्हती. तो सरकारी शेरा इथे खरा ठरला. हेतू होता तोवर रविवार मिळाला. पण हेतूला घर बांधून ठेवले नव्हते म्हणून माणूस गेल्यावर संस्था गेली. आपली गोष्ट उलटी आहे. आपण घर मोठे बांधले आणि आत राहणारा कुठे गेला हे बघायचे राहिले. दोन्ही पाहिजेत.

मग आमच्या शाखेने काय केले? फार मोठे काही केले नाही. त्या तरुण ट्रॅकमनला आणि त्याच्या दोन सोबत्यांना कार्यकारिणीच्या बैठकीला बोलावले. आम्ही तीन बैठका एका वाक्यावर भांडलो. शेवटी ठरले ते असे: कामावर गेलेला माणूस धडधाकट घरी आला पाहिजे, घरी आल्यावर त्याला पुरती झोप मिळाली पाहिजे आणि म्हातारपणी त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये. यात साहित्य काही नाही. पण गँगमधल्या शेवटच्या माणसाला हे एका दमात सांगता येते.

एकदा वाक्य ठरले की बाकीचे आपोआप रांगेला लागते, असा आमचा अनुभव आहे. पूर्वी बैठकीत पहिला विषय असायचा बदल्यांचा. आता पहिला विषय रुळावरच्या माणसाचा. गँग कामाला लागली की गाडी येताना बघून शिट्टी वाजवणारा, झेंडी दाखवणारा माणूस वेगळा उभा पाहिजे. हा नियम आहे. माणसे कमी पडली की पहिली कात्री त्याच्यावर चालते, हे रुळावर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो माणूस दिला नाही तर त्याच दिवशी तारीख, वेळ आणि जागा लिहून पत्र द्यायचे आणि आठ दिवसांत उत्तर नाही आले तर स्मरणपत्र द्यायचे, असे ठरवले. एका सेक्शनवर आता तो माणूस रोज मिळतो. दुसऱ्यावर अजून मिळत नाही. पत्रे चालू आहेत.

झोपेचा प्रश्न तर थेट लोखंड्यांच्या रविवाराचाच आहे. गाडी चालवणाऱ्याला रविवार नसतो, तो आपण मागतही नाही. पण आठवड्यातून एकदा पुरती विश्रांती तरी? जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतल्या लोको पायलटांनी हाच हट्ट धरला. मुख्यालयी परतल्यावरच्या १६ तासांच्या विश्रांतीवर आठवड्याचे ३० तास वेगळे धरा, म्हणजे एकूण ४६ तास द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. १८९० साली गिरणी कामगाराला मिळालेली गोष्ट इंजिन चालवणारा माणूस १३४ वर्षांनी मागतो आहे. त्याच्या मागच्या डब्यांत हजार-दीड हजार प्रवासी झोपलेले असतात. त्याचे पुरते झोपणे हे त्यांच्याही भल्याचे आहे, ही गोष्ट प्रवाशांना समजावून सांगणे हे आपले काम आहे.

म्हातारपणाचा प्रश्नही तसाच. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजनेचा पर्याय आला. तो कोणाला किती फायद्याचा, यावर मतभेद आहेत आणि असू द्यावेत. पण ही पोरे आज पंचविशी-तिशीत आहेत. त्यांना साठीचा प्रश्न लांबचा वाटतो. तो आजच समजावून सांगितला नाही तर उद्या तेच आपल्याला विचारतील, तुम्ही तेव्हा काय करत होता?

आणि एक. स्टेशन झाडणारी, डबे धुणारी, पार्सल उचलणारी कंत्राटी माणसे आपल्या यादीत नाहीत, त्यांचे मत मान्यतेच्या मतदानात नाही. म्हणून ती आपल्या वाक्यात नाहीत का? लोखंड्यांच्या असोसिएशनला यादीच नव्हती, तरी जो येईल तो त्यांचा होता. यादी असल्यामुळे आपले मन त्यांच्यापेक्षा लहान झाले असेल तर ती यादी काय कामाची?

प्रत्येक शाखेच्या सचिवाने या महिन्यात तीन गोष्टी कराव्यात, एवढीच विनंती. एक, आपले जावक रजिस्टर काढून वाचावे. आपला हेतू काय आहे हे आपले भाषण सांगत नाही, ते रजिस्टर सांगते. दोन, आपल्या शाखेतल्या सर्वांत नव्या सभासदाला विचारावे, युनियन कशासाठी आहे? त्याला सांगता आले नाही तर चूक त्याची नाही. तीन, आपण उद्या नसलो तर आपली पिशवी कोण उचलेल, त्याचे नाव ठरवावे आणि आजपासून त्याला बरोबर घेऊन फिरावे. मी त्या सोलापूरच्या पोराला घेऊन फिरतो आहे. तो मला फार प्रश्न विचारतो. आता मला त्याची सवय झाली आहे.

हे लिहून होईपर्यंत चिकपेटातला रविवार संपत आला आहे. उद्या सकाळी शटरे वर जातील आणि तो हमाल पुन्हा गठ्ठा उचलेल. त्याला एक दिवस मिळवून देणाऱ्या माणसाचे नाव त्याला ठाऊक नाही. नसले तरी चालेल. आपण मिळवलेल्या गोष्टी पुढच्या पिढीला तशाच सहज वाटल्या, तर आपणही काही केले असे म्हणता येईल.